सुखरामनं सोडली

दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्या माणसाची मला नोकरीत कधी भीती वाटली नाही. तो शिव्या देईल, ओकेल, सलाईनचा स्टँड पाडेल आणि शेवटी झोपून जाईल. भीती वाटायची ती अंघोळ करून, भांग पाडून, शहाण्यासारखा दारात येऊन ‘सिस्टर, परवापासून एक थेंब नाही घेतला’ म्हणणाऱ्याची. असा माणूस दिसला की मी शाबासकी द्यायच्या आधी त्याला दोन्ही हात पुढे करायला लावायचे आणि बोटं बघायचे.

मी नर्स. नोकरीतली बरीचशी वर्षं तुमसर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात गेली. शेवटी शेवटी तिथे व्यसनमुक्तीच्या खाटा आल्या, त्या माझ्याकडे दिल्या, आणि ‘दारूवाली सिस्टर’ असं माझं नाव पडलं. कारध्याला माहेरी गेले की शेजारणी विचारायच्या, आता कोणत्या वार्डात? मी म्हणायचे, दारूत आहे. आई कपाळाला हात लावायची. आमच्या घरात दारू न पिण्याची प्रतिज्ञा आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासूनची. विहाराच्या भिंतीवर ती बाकीच्या प्रतिज्ञांसोबत रंगवलेली होती, आणि त्या भिंतीला टेकून बसणारे एकदोघं संध्याकाळी कुठे जातात तेही मोहल्ल्याला ठाऊक होतं. प्रतिज्ञा घेणं आणि पाळणं यातलं अंतर मी लहानपणीच पाहिलं. पण प्रतिज्ञा पाळल्यामुळे माणूस मरतो, हे मला सुखराम उईकेने दाखवलं. लिहायला बसले ते त्याच्यासाठीच.

बाहेरच्या माणसाला हे पटत नाही, म्हणून आधी नीट सांगते. सकाळी डोळा उघडल्याबरोबर ज्याला दारू लागते, त्याचं शरीर त्या ओझ्याविरुद्ध सतत जोर लावून उभं असतं. भरलेली बंडी ओढणाऱ्या बैलासारखं. मध्येच जू तुटलं तर बैल मोकळा होत नाही, आधी तोंडावर आपटतो. दारू एकदम बंद केली की आधी हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. मग झटके येऊ शकतात. एकदोन दिवसांनी कुणाकुणाला भास सुरू होतात. अंगावर मुंग्या चढतात, भिंतीवर साप दिसतात, दारात पोलीस उभे राहतात. ताप चढतो. तेव्हाही कुणी लक्ष दिलं नाही तर माणूस जातो. उपचार काही फार मोठा नाही. झोपेच्या जातीतली एक गोळी असते, ती दारूच्या जागी द्यायची आणि रोज थोडी थोडी कमी करत आणायची. म्हणजे जू तोडायचं नाही, बंडी हळूहळू रिकामी करायची. सोबत जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. आठवडाभरात माणूस आपल्या हाताने चहाचा कप धरू लागतो. कधीमधी पिणाऱ्याने खुशाल एका दिवसात बंद करावी, त्याला काही होत नाही. जुन्या, रोजच्या पिणाऱ्याने मात्र आधी आमच्याकडे यावं, एवढंच मी नोकरीभर घसा फोडून सांगत राहिले.

भासांची एक गंमत असते. गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही. भान गेलेला माणूस ज्याचं जे काम तेच करू लागतो. मोहाडीकडचे एक कोष्टी बुवा खाटेवर बसून धोटा फेकत असायचे. चादर हाच त्यांचा माग झाला होता, आणि सूत तुटलं की माझ्यावर ओरडायचे. चिखल्याहून मँगनीज नेणारा एक ट्रकवाला उशीचं स्टेअरिंग करून घाट उतरायचा आणि पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांना ‘साइड दे बे’ म्हणायचा. आजोबा बिचारे सरकून साइड द्यायचे. दोघंही बरे होऊन घरी गेले. कोष्टी बुवांनी पुढे मला स्वतःच्या मागावरची साडी आणून दिली. ती इतकी चांगली आहे की अजून नेसवत नाही.

संपादकांनी कळवलं होतं की थोडे हलकेफुलके प्रसंगही असू द्या. ते दोन झाले. तिसरा सांगते, पण तो शेवटपर्यंत हलका राहत नाही.

चिखल्याच्याही पुढे, जंगलाला लागून गोंडांची एक टोली, म्हणजे छोटी वस्ती, आहे. नाव लिहीत नाही. तिथले एक म्हातारे पोटाच्या दुखण्यासाठी माझ्याकडे यायचे. यकृत सुजलेलं. दर खेपेला मी विचारायचे, “बाबा, दारू सोडली काय?” ते शांतपणे म्हणायचे, “होव बाई, सोडली.” आणि पुढच्या खेपेला पोट आणखी फुगलेलं. म्हातारा सराईत खोटं बोलतो असं मी धरून चालले होते. एकदा त्यांची म्हातारी सोबत आली. माझा प्रश्न आणि त्यांचं उत्तर ऐकून ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. “बाई,” ती म्हणाली, “हा त रोजच सोडते. सोडल्याबिगर पेतच नाई.”

मग तिने समजावून सांगितलं. त्यांच्यात मोहाची दारू तोंडाला लावायच्या आधी थोडी जमिनीवर सोडतात. आधी देवाला, वाडवडिलांना, धरतीला, मग आपल्याला. बारसं असो, लग्न असो, मरण असो, नवं धान घरात येवो, ही धार आधी. त्याला म्हणतात सोडणं. म्हातारे एक अक्षर खोटं बोलत नव्हते. त्या दिवसापासून त्या बाजूच्या माणसाला मी ‘सोडली काय’ असं विचारणं बंद केलं आणि ‘पिणं थांबवलं काय’ असं विचारू लागले. टोलीत मात्र तो किस्सा पसरला. माझी थट्टा करायची झाली की कुणीही म्हणायचं, “इचारा सिस्टर, सोडली काय म्हून.”

त्या म्हाताऱ्यांच्याच भावकीतली, नात्याने त्यांची सून लागणारी फुलवंता. सुखरामची बायको. ती मला पहिल्यांदा भेटली ती भाजलेल्या लेकीला पाठीशी बांधून आली तेव्हा. सुखराम सकाळचीच घेऊन चुलीजवळ गेला होता, तोल गेला, आणि उकळत्या पेजेचं गंज पोरीच्या हातावर उलटलं. पूर्वी या टोल्यांमध्ये मोहाची निघायची ती सणासुदीला, देवाधर्माला. उरलेले दिवस माणसं कामात असत. आता चिखल्याच्या रस्त्याने पन्नीतली, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीतली, दारू रोज येत होती. ती कशाची बनते हे विकणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. सुखराम मोहाची पीत होता आणि पन्नीतलीही.

पोरीचं ड्रेसिंग चालू असताना तो व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून बसायचा. ती ओरडली की कानात बोटं घालायचा. एक दिवस तो आत आला आणि म्हणाला, “सिस्टर, मले इथंच बांधून टाका.”

मी म्हटलं, “बांधायचं काय काम? भरती हो. आठवडाभर राहा, औषधं घे.”

“तेंदूपत्त्याचं झालं का येतो,” तो म्हणाला. तेंदूपत्त्याच्या दिवसांत त्यांच्याकडे कुणी खाटेवर पडून राहत नाही, हे खरंच होतं. हात दाखव म्हटलं तर त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. माणूस वाईट नव्हता. त्याला खरोखर थांबायचं होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

फुलवंताने तोवर टोलीतल्या बाया गोळा केल्या होत्या. ती शिकलेली नाही, पण बोलायला उभी राहिली की पोलीस पाटीलसुद्धा विडी विझवायचा. एक दिवस ती मला आमंत्रण द्यायला आली. “सिस्टर, आमी बाया घरातले मडके फोडून टाकतो. आन् समद्या मानसाइले बडादेवासमोर बोल द्याले लावतो. बडादेवाले देल्ला बोल कोनी मोडत नाई.”

मी म्हटलं, “लावा. पण रोजच्या पिणाऱ्यांना आधी माझ्याकडे पाठवा, सुखरामला सगळ्यांच्या आधी. बरा होऊन आला की मग बोल घेऊ द्या. आठवडा उशीर झाला तर देव रागावत नाही.”

“तसंच करू,” ती म्हणाली, आणि तसंच तिच्या मनात होतं. पण दारूमुक्त गावं करणारी एक संस्था होती. तिच्या साहेबांना पुढच्या आठवड्यात सवड नव्हती, म्हणून कार्यक्रम अलीकडे ओढला गेला. टोलीत मंडप पडला, माईक आला. बायांनी मडकी फोडली. पुरुषांनी साजाच्या झाडाखाली, जिथे त्यांचा बडादेव असतो, हळदीचे तांदूळ मुठीत घेऊन बोल दिला. भुमका, म्हणजे त्यांचा पुजारी, एकेकाच्या मुठीवर हात ठेवून वदवून घेत गेला. मला कुणी कळवलं नाही. हे सगळं मी फोटोत पाहिलं.

फोटो त्याच संध्याकाळी मोबाईलवर फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. पुरुष ओळीत उभे, उजवी मूठ वर. सगळ्यांच्या मुठी स्वच्छ दिसत होत्या. सुखरामची तेवढी पुसट, फोटो काढताना हलल्यासारखी. लोक त्या फोटोखाली अंगठे आणि फुलं पाठवत होते. मी फुलवंताला फोन लावत बसले. टोलीत रेंज नाही, बोलायचं तर टेकडीवर चढावं लागतं. फोन लागला नाही. सकाळी मी तिकडच्या आशाताईला गाठलं आणि निरोप दिला की सुखरामला लगेच घेऊन ये, आणि गाडी मिळायला वेळ लागत असेल तर थोडी पाजा आणि तसाच आणा.

व्यसनमुक्तीची सिस्टर पाजा म्हणते, हे वाचून कुणी कपाळाला आठ्या घालेल. घालू द्या. जिथे गोळी नाही आणि डॉक्टर नाही, तिथे झटका टाळायला तेवढंच हाताशी असतं. तो निरोप मी आजही तसाच देईन.

आशाताई पोचली तेव्हा फुलवंता जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेली होती. घरी सुखरामची आई होती, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी. सुखराम अंगणात खाटेवर घामाने भिजून थरथरत पडला होता. आशाताईने म्हातारीला निरोप सांगितला आणि गाडीसाठी फोन करायला ती टेकडीकडे गेली. मडकी सगळी फुटलेली. पण देवाच्या नावाची एखादी बाटली जुन्या माणसाने कुठेतरी ठेवलेली असतेच. म्हातारीने ती चाचपडत काढली, वाटीत ओतली आणि लेकाच्या हातात दिली. पुढे काय झालं ते विचारल्यावर तिने दोनच शब्द सांगितले, आणि सगळा घोळ त्या दोन शब्दांनी केला. ती म्हणाली, “त्यानं सोडली.”

गाडी यायच्या आत सुखरामला पहिला झटका आला. शेजारी धावले. बघतात तर डोळे फिरलेले, तोंडाला फेस, अंगणात दारूचा वास आणि खाटेखाली रिकामी वाटी. लोकांना आणखी काय पाहिजे? काल बोल दिला, आज मोडला, बडादेवाने धरला. त्यांनी त्याला उचलून साजाच्या झाडाखाली नेलं. आशाताईची गाडी आली ती रिकामी परत गेली, कारण भुमका म्हणाला की देवाच्या हातातलं माणूस ओढून नेऊ नये. फुलवंता जंगलातून परतली तेव्हा तिला हे सगळं कळलं, आणि ती सुद्धा त्याच्याजवळ जाऊन बसली नाही. ज्या बाईने सगळ्या टोलीला बोल द्यायला लावला, तिच्याच घरात तो आधी मोडला, असं तिला वाटलं. ती घराचं दार लावून आत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं बरळणं ऐकवेना, तेव्हा मात्र ती उठली. भुमक्याचं ऐकलं नाही, पंचांचं ऐकलं नाही. टोलीतल्या एका पोराच्या मोटारसायकलवर त्याला मध्ये बसवून, आपल्याच लुगड्याने आपल्या पोटाशी बांधून तिने त्याला दवाखान्यात आणलं.

त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं. आम्ही इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, पण तो खाटेवर टिकेना. खाली उतरला आणि फरशीवर उकिडवा बसून काहीतरी उचलू लागला. दोन बोटांनी हळूच उचलायचं, झटकायचं, मुठीत घ्यायचं. मला कळायला वेळ लागला नाही. तो मोह वेचत होता. सकाळच्या वेळी झाडाखाली फुलं पडलेली असतात ती वेचतात तसा, खाटांच्या खालून, औषधाच्या कपाटाखालून, सरकत सरकत. मूठ भरली की तो फुलवंताकडे बघायचा. टोपली शोधत असावा. आधी ती नुसती उभी राहिली. मग तिने खाली बसून पदर पसरला. तो रिकामी मूठ तिच्या पदरात उघडायचा आणि परत वेचायला जायचा. औषध चढून तो आडवा होईपर्यंत ती पदर धरून बसली होती.

सकाळी डॉक्टरांचा राउंड व्हायच्या आत सुखराम गेला.

माझ्या वार्डातून माणसं गेलेली मी पुष्कळ पाहिली होती. त्यांच्यासाठी रडायची सवय राहिली नव्हती. सुखरामसाठी मी ड्रेसिंगच्या खोलीत दार लावून रडले, आणि रागाने रडले. वाचण्यासारखा माणूस होता.

पावसाळ्याच्या तोंडावर फुलवंता एकटीच आली. पेशंट संपेपर्यंत व्हरांड्यात बसून राहिली, सुखराम जिथे भिंतीकडे तोंड करून बसायचा तिथेच. मी बाहेर आले तेव्हा म्हणाली, “सिस्टर, त्याले मिळवत नाई म्हन्तेत.”

हे सांगायला हवं. गोंडांमध्ये माणूस मेला म्हणजे संपला असं नाही. पुढे एक दिवस ठरवून त्याला पूर्वजांच्या देवात मिळवतात. मग तो घरच्यांचा होतो, सणावारी त्याच्या नावाने धार सोडतात. ज्याला मिळवलं नाही तो बाहेरच राहतो, कुणाचाच नसलेला. टोलीतले पंच म्हणत होते की बडादेवाचा बोल मोडून मेलेल्याला वाडवडिलांत कसं घ्यायचं?

“बुढी एकच सांगते,” फुलवंता म्हणाली. “त्यानं सोडली. पंच म्हन्तेत, सोडली मंजे पेलीच. सोडून कोन ठेवते? आन् पाजाचा निरोप त तुमचाच होता.” मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, “खरं सांगा, सिस्टर. पेली होती का नोती?”

उत्तर मला त्याला आणलं त्याच दिवसापासून माहीत होतं. अवघड होतं ते देणं. प्यायला होता असं म्हटलं तर सुखराम कायमचा बाहेर, पण फुलवंताच्या माथी काही नाही. देवाने धरला, संपलं. नव्हता प्यायला म्हटलं तर तो आत जाईल, आणि त्याला ज्या बोलाने मारलं तो द्यायला कुणी लावला हे तिला जन्मभर ठाऊक राहील. खोटं बोलायचं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण ती ज्या प्रकारे बघत होती त्यापुढे बोलवलं नाही.

“नाही प्यायला,” मी म्हटलं. “चार घोट घेतले असते तर बहुतेक वाचला असता.”

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, “मंजे बोल पाळला म्हून मेला.”

“हो.”

“आन् बोल द्याले मी लावला.”

“तू एकटीने नाही. तारीख ओढणारे साहेब होते, गाडी परत पाठवणारा भुमका होता, रस्त्यावर पन्नी विकणारा...” मी बोलत गेले. तिने हात वर करून मला थांबवलं.

“मंग चाला,” ती म्हणाली. “हे तिथं सांगा. झाडाखाली.”

“फुलवंता, तिथे सांगितलं की सगळी टोली तुझ्याकडे बघेल.”

“पाहू द्या. त्याले आत जाऊ द्या.”

मी देव मानत नाही. आमच्याकडे तो प्रश्न आजोबांनीच निकालात काढला होता. तरी मी रजा टाकून त्या झाडाखाली जाऊन बसले. समोर पंच, मध्ये भुमका. वाळलेला, म्हातारा माणूस. माझं म्हणणं खरं ठरलं तर गाडी परत पाठवणारा तो चुकला होता, हे त्यालाही समजत असणार. त्याने विचारलं, “बाई, तुमी तिथं होत्या काय? पाह्यलं काय?”

“नाही,” मी म्हटलं. “पण तो कशाने मेला ते पाहिलं.” आणि मी त्यांना बंडीची गोष्ट सांगितली, वर तुम्हाला सांगितली तीच. जू तुटलेला बैल कसा पडतो ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. “ज्याच्या खांद्यावर ओझं कायम आहे तो बैल असा पडत नाही. सुखराम पडला. म्हणजे त्याने जू काढलं होतं. प्यायला असता तर असा मेला नसता.”

एक पंच म्हणाला, “पन मायच म्हन्ते ना, सोडली म्हून. वाटी त रिकामी होती.”

तेव्हा भुमक्याने म्हातारीला पुढे बोलावलं. ती फुलवंताचा खांदा धरून आली. “माय,” तो म्हणाला, “तुले दिसत नाई. मंग सोडली हे कसं समजलं?”

“आयकू त येते ना बापा,” म्हातारी म्हणाली. “धार आयकली. लंबी होती. वाटी सरतपर्यंत धारच होती.”

“आन् मंग?”

“मंग वाटी खाली ठेवली. घुटका नाई आयकला.”

इतके दिवस सगळ्यांनी तिला सुखरामने काय केलं ते विचारलं होतं, तिने काय ऐकलं ते कुणी विचारलं नव्हतं. आधी सोडतात आणि मग पितात, हे त्या टोलीत लहान पोरालाही ठाऊक. नुसतीच सोडायची, वाटीभर, आणि हात थरथरत असताना रिकामी वाटी खाली ठेवायची, असं कुणी केल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

“पुरी सोडली त्यानं,” भुमका म्हणाला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, “गाडी मीच वापस केली.” एवढं बोलून तो उठून गेला.

त्यानंतर टोलीत एक रीत झाली. कुणी बोल द्यायला आला की भुमका आधी विचारतो, “सिस्टरकडून आला काय?” आठवडाभर भरती राहून आलेल्याच्याच मुठीवर तो हात ठेवतो. मी निवृत्त झाले, आता तिथे दुसरी सिस्टर आहे, तरी विचारतात तसंच. त्या टोलीतले काही जण दवाखान्याच्या दारात मी सांगायच्या आधीच हात पुढे करून उभे राहायचे. त्यातले काही बरे राहिले, काही परत सुरू झाले, एक विहिरीत पडून गेला. टोलीच्या वळणावर ‘दारूमुक्त गाव’ असा बोर्ड आहे, आणि पन्नीवाला आपली मोटारसायकल त्याच बोर्डाच्या सावलीत लावतो. मी कुठलं गाव सुधारलं असं म्हणणार नाही. एका माणसाच्या जिवावर बाकीच्यांना थोडी अक्कल आली, आणि तो सौदा मला अजून मान्य नाही.

धान कापून झाल्यावर सुखरामला मिळवलं. मला बोलावणं होतं. त्या विधीला मोहाची लागतेच. फुलवंताने मडकी फोडली होती, तिनेच त्या दिवसापुरती गाळली. कुणी तिला काही म्हटलं नाही. सकाळचं ऊन होतं. पोरगी आजीजवळ उभी होती, हातावरचा भाजल्याचा डाग झाकण्यासाठी बाही ओढत. भुमक्याने पानाचा दोना भरून पुढे केला आणि विचारलं, “सुखरामच्या नावानं कोन सोडते?”

कुणी भाऊबंद पुढे होईल असं वाटत होतं. फुलवंता पुढे झाली. तिने दोना दोन्ही हातांनी घेतला आणि वाकून सोडायला सुरुवात केली. थोडी सोडून दोना परत द्यायचा असतो, उरलेली मग माणसं पितात. ती थांबली नाही. धार बारीक होत होत संपली. तिने दोना उलटा करून सगळ्यांना दाखवला. भुमक्याने आपला दोना भरला आणि त्यानेही तसाच पुरा जमिनीवर ओतला. पंचांपैकी दोघांनी ओतला. बाकीचे प्यायले.

फुलवंता माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या हातांना मोहाचा वास येत होता. म्हणाली, “सिस्टर, तुमी पयले इचारत होत्या ना, समद्याइले? तसं इचारा आता.”

मला समजलं. जी थट्टा ऐकून मी इतकी वर्षं हसत आले होते, तोच प्रश्न तिला हवा होता. मी विचारला.

“सुखरामनं सोडली काय?”

“होव,” ती म्हणाली. “सोडली.”